सुधाबाईंना आठवलं तो सामना

शाळा-कॉलेजांच्या बक्षीस समारंभांना मला अजून बोलावतात. शाल होते, नारळ होतो, मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणतात, खेळानं मन मोठं होतं, खेळ माणसाला विसरायला शिकवतो, यावर मॅडम आपल्याला दोन शब्द सांगतील. मी उठते आणि पायांच्या व्यायामाबद्दल बोलते. दोरीवरच्या उड्या, उन्हात पाणी कसं प्यावं, चेंडूच्या मागे न धावता चेंडूच्या आधी कसं पोचावं. मोठ्या मनाबद्दल मला काही ठाऊक नाही. मी पोटासाठी टेनिस खेळले, ताश्कंदपासून कोलंबोपर्यंत लहानसहान स्पर्धांना सुटकेस ओढत हिंडले, दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली. एवढी मेहनत करायचं बळ कुठून आलं, असं पोरी विचारतात. त्यांना मी खरं सांगत नाही. इथे सांगते. ते बळ सूडातून आलं, आणि त्याची मला आजवर एकदाही लाज वाटलेली नाही.

आमचं तालुक्याचं गाव केळापूरपासून जवळ. बाबा नगरपालिकेच्या कचेरीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. गावात कुणी जन्मलं किंवा गेलं की माणूस आधी देवळात जायचा नाहीतर मसणात, आणि मग बाबांकडे. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मागे न्हाणी, न्हाणीमागे सीताफळाचं झाड, आणि झाडापलीकडे कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगची लांबच लांब भिंत. चालू असलेल्या जिनिंगांचा भोंगा सकाळी वाजायचा तेव्हा आई भाकरी थापत असायची. तिच्या हाताचा पराती­वरचा थपथप आवाज, चुलीवर खरपूस होणारं वांगं, पाट्यावर वाटलेली मिरची आणि सांबार, हा माझ्या पहाटेचा वास होता. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याला राहायला गेले तेव्हा भाजीवालीकडे सांबार मागितला, तर तिनं मला इडलीच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

बाबांना टेनिसचं वेड कसं लागलं ते गमतीचं आहे. गावात साहेबलोकांच्या क्लबचं मुरुमाचं एक कोर्ट होतं. डबल्सला चौथा गडी कमी पडला की कुणीतरी साहेब बाबांना बोलवायचे. बाबा पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडून खेळायचे, आणि हळूहळू असे खेळायला लागले की साहेब आपल्या बाजूला त्यांनाच मागायचे. मी जरा मोठी झाले तशी मलाही न्यायला लागले. माझी रॅकेट एका बदलून गेलेल्या तहसीलदारांनी टाकून दिलेली होती. मुठीला बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती.

कापसाच्या हंगामात आमचं गाव बदलून जायचं. सरकारी खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागायची ती मारेगावच्या रस्त्याला पार दूरवर जायची. त्या वर्षांत भाव असे पडले होते की लोक रांगेतच राहायचे, गाडीखाली झोपायचे, तीन दगडांवर भात शिजवायचे. केंद्र उद्या उघडेल, परवा उघडेल, अशी वाट बघायचे. मी पहाटे त्या रांगेच्या कडेकडेनं पळायचे. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, शेणाचा वास, आणि रस्ताभर उडणारे कापसाचे पुंजके. गाडीवरची एक म्हातारी रोज ओरडायची, "काहून पळून राह्यली वो पोट्टे? कोण मांगं लागलं?" मी हसून पुढे जायचे. पुढे एक वर्ष असं आलं की तिला खरं उत्तर देता आलं असतं.

क्लबचे सेक्रेटरी होते बापूसाहेब. त्यांची जिनिंग चालू होती, आणि दुसऱ्यांच्या बंद पडत होत्या तसतशी त्यांची जास्तच चालत होती. नगरपालिकेत त्यांचा शब्द होता, जिल्ह्याच्या टेनिस संघटनेत तेच सर्वेसर्वा होते. त्यांची मुलगी केतकी माझ्याच वर्गात. तिला शिकवायला यवतमाळहून माणूस यायचा. केतकी वाईट खेळायची नाही, हे मी मुद्दाम लिहिते. तिचा फोरहँड माझ्यापेक्षा सुंदर होता. पण तिला धावायचा कंटाळा होता. मला धावायचा कंटाळा कधीच आला नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा निवड आमच्याच क्लबच्या कोर्टवर झाली. अंतिम सामन्यात मी केतकीला हरवलं. बापूसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "शाब्बास. बापाचं नाव काढलं." त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. संघटनेकडे तक्रार गेली की माझं वय जास्त आहे आणि जन्माचा दाखला बोगस आहे. दाखला कोणाच्या हातचा? बाबांच्या. नोंद कोणाच्या अक्षरात? बाबांच्याच, कारण ते टेबलच त्यांचं होतं. मी जन्मले त्या दिवशी दुसरं कोण लिहिणार होतं? ज्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात माझा जन्म झाला त्या वारल्या होत्या, दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं होतं. माझ्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडांवरून नक्की सांगता येत नाही, एवढंच उत्तर आलं. बाबा निलंबित झाले. स्थानिक पेपरात बातमी आली, तीत माझं नाव आणि बाबांचं पद छापलं होतं. राज्य स्पर्धेला केतकी गेली. परत आली ती जिल्ह्याचं नाव पाठीवर लिहिलेला निळा ट्रॅकसूट घालून शाळेत आली. माझ्या मापाचा शिवला होता तो; तिला खांद्यात जरा घट्ट होत होता.

एक माणूस होतं ज्याला सगळं ठाऊक होतं. बापूसाहेबांच्या पत्नी, सुधाबाई. माझ्या जन्माच्या वेळी आई आणि सुधाबाई त्या दवाखान्यात एकाच खोलीत होत्या, शेजारशेजारच्या खाटांवर. सुधाबाईंना दूध येत नव्हतं तेव्हा केतकीला दोन रात्री माझ्या आईनं पाजलं होतं. आई ही गोष्ट कधी बोलत नसे. पण त्या दिवशी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मला बरोबर घेतलं आणि आम्ही बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेलो.

सुधाबाईंनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. पंखा लावला. गडीमाणसाला सांगून लिंबाचं सरबत आणवलं, काचेच्या ग्लासात.

आई म्हणाली, "सुधाबाई, मी काही मागाले नाही आली. तुमी फक्त एवढं सांगा साहेबायले, का दोघी पोरी एकाच हप्त्यातल्या आहेत. पहिले केतकी, मंग हे माही पोरगी."

सुधाबाई पदराशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती वर्षं झाली वो त्याले. मले काही आठवत नाही."

"माह्या अंगावर पेली तुमची पोरगी," आई म्हणाली. आवाज चढवून नाही. कुणाला वेळ सांगावी तशी.

"आठवत नाही मले," सुधाबाई पुन्हा म्हणाल्या. "सरबत घ्या ना. गरम होऊन राह्यलं."

आईनं ग्लास उचलला नाही. मी उचलला होता, तो तिनं माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं घरी गेल्यावर रडेल. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, खुंटीवरची रॅकेट काढली, चेंडूंची पिशवी घेतली आणि मला मागच्या जिनिंगच्या भिंतीसमोर उभं केलं.

"मार," ती म्हणाली. "मी थांब म्हणीन तवा थांबजो."

माझ्या आईनं त्याआधी टेनिसच्या कोर्टात पाय ठेवलेला नव्हता. पण त्या दिवसापासून माझी तालीम तिच्या हाती गेली. क्लबचं कोर्ट मला बंद झालं होतं, म्हणून भिंत. भिंतीवर तिनं चुन्यानं चौकोन काढले आणि ती ओरडायची, वरचा, खालचा, डावा, डावा, डावा. मी चुकले की ती रागावत नसे. ती फक्त म्हणायची, "आठवत नाही मले," सुधाबाईंच्याच आवाजात, तसंच मान वळवून. माझ्या अंगाला आग लागायची. तळहाताचे फोड फुटले की ती हळद आणि तेल लावायची, फडकं बांधायची आणि म्हणायची, दुसऱ्या हातानं मार. माझा डाव्या बाजूचा दोन्ही हातांचा फटका पुढे माझी ओळख झाला, तो त्या फडक्यातून आलेला आहे.

बाबा यात नव्हते. ते घरात असायचे, पण घरातला एक कोपरा झाले होते. पेपर वाचायचे, तोही मागच्या पानापासून, आणि पहिल्या पानावर यायच्या आत घडी घालायचे. गावात कुणाकडे बारसं असलं तरी जायचे नाहीत. बऱ्याच दिवसांनी कधीतरी चौकशी झाली आणि आरोप सिद्ध होत नाही, असं कळवून त्यांना कामावर घेतलं. निर्दोष आहेत असं कुणी म्हटलं नाही. टेबलही बदललं, त्यांना पाणीपट्टीवर बसवलं. बाजारात लोक म्हणायचे, सुटला. सुटला हा शब्द चोराबद्दल वापरतात. आई काही बोलायला लागली की बाबा म्हणायचे, "जाऊ दे ना. कायले उकरून काढतं?" आणि आईच्या भाकरीचा थपथप आवाज वाढायचा. मला बाबांचा राग यायचा. हा माणूस असा मऊ कसा, असं वाटायचं.

मग आईनं मला नागपूरला मावशीकडे ठेवलं. तिथे मी कोर्टची झाडलोट करण्याच्या बोलीवर एका प्रशिक्षकांकडे खेळायला लागले. ते कमी बोलायचे आणि मला भरपूर पळवायचे. बाकीच्या मुली दमल्या की बसायच्या. मी दमले की मला तो पंखा, तो काचेचा ग्लास आणि त्याच्यावरून ओघळणारं पाणी दिसायचं. सर्व्हिसच्या आधी मी चेंडूचे टप्पे टाकते तेव्हा ओठ हलतात, हे पुढे टीव्हीवर कुणीतरी दाखवलं आणि बोलणाऱ्यानं सांगितलं की ही मुलगी देवाचं नाव घेते. देवाचं नव्हतं ते, सुधाबाईंचे तीन शब्द होते.

वर्षं गेली. मी नागपूरच्या नावानं खेळायला लागले, मग देशात माझं नाव यायला लागलं, मग बाहेरच्या स्पर्धा. केतकीही खेळत होती, पुण्याच्या एका महागड्या अकादमीतून, पण आमची गाठ पडत नव्हती. ती ज्या स्पर्धेत असे तिथे मी नसायचे, नाहीतर ती माझ्या आधी हरायची. दर वेळी सोडतीचा कागद लागला की मी आधी तिचं नाव शोधायचे. आणि एकदा नागपूरलाच, राष्ट्रीय मानांकनाच्या स्पर्धेत, ते नाव माझ्या नावासमोर आलं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "येतो मी." बाबा आले नाहीत. त्यांनी निरोप दिला होता, सांभाळून खेळ म्हणावं.

दुपारचा सामना होता, नागपूरचं ऊन. सावलीतल्या खुर्च्यांवर बापूसाहेब, शेजारी सुधाबाई, जिल्ह्याच्या संघटनेची मंडळी, दोन-तीन पत्रकार. आई पलीकडच्या बाजूला उन्हात उभी राहिली, बसली नाही. पहिला सेट मी झटपट घेतला, केतकीला एकही गेम न देता. मला तो सामना अर्ध्या तासात संपवता आला असता. मी बाकड्यावर बसून टॉवेलनं तोंड पुसलं आणि ठरवलं, की संपवायचा नाही.

दुसऱ्या सेटमध्ये मी जिंकायचे फटके मारायचंच थांबवलं. चेंडू जाळ्याजवळ अलगद टाकायचा, केतकी धापा टाकत पुढे यायची. मग तिच्या डोक्यावरून मागे. ती मागे पळायची. परत पुढे. उजवीकडे, डावीकडे, जिथे ती पोचेल पण जेमतेम पोचेल, अशा ठिकाणी. ती चुकली नाही तर मी गुण घ्यायची घाई करत नव्हते. मला तिचं चुकणं नको होतं. मला तिचं पळणं हवं होतं. लोक आधी टाळ्या वाजवत होते. मग हसले. मग हसायचे थांबले. प्रशिक्षक एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "संपव." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. केतकीच्या पोटरीत गोळे यायला लागले. तिनं बाहेर बघितलं. तिला सोडायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा बापूसाहेब उभे राहून गरजले, "सोडायचं नाही! खेळ!" त्या वाक्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

शेवटचा गुण मी घेतलाच नाही. केतकी एका चेंडूमागे वळली आणि पाय धरून मातीवर पडली. उठायचा प्रयत्न केला, पुन्हा पडली, आणि पंचांना हात करून तिनं सामना सोडला. बापूसाहेब आणि सुधाबाई धावत कोर्टात आले. मी जाळ्यापाशी हात पुढे करून उभी होते. केतकी बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत म्हणाली, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "नाही."

आणि मग आई आली. कोर्टाच्या मधून, चपला हातात घेऊन, कारण कोर्टात चपला चालत नाहीत असं तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. सुधाबाई मुलीची पोटरी चोळत होत्या. आई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सुधाबाई," ती म्हणाली, "आता आठवते का?"

बापूसाहेब मध्ये पडले. "ही काय वेळ आहे? पोरीले लागलं आहे!"

"तुमाले नाही इचारलं मी," आई म्हणाली. "सुधाबाई, आठवते का?"

सुधाबाई पोटरी चोळत राहिल्या. केतकीच म्हणाली. तिच्या तोंडाला माती लागली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सांग ना आई. घरी तर कितीदा सांगतं मले. मले नाही खेळायचं पुन्हा हिच्याशी. सांगून टाक ना वो."

घरी तर कितीदा सांगतं. म्हणजे त्या घरात हे उघड होतं. जेवताना बोलायची गोष्ट होती.

"आठवते," सुधाबाई खाली बघत म्हणाल्या.

"मोठ्यानं सांगा. त्या खुर्चीवरच्या माणसायले आयकू गेलं पायजे."

"केतकी पहिले झाली," सुधाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज फाटला. "हे तिच्या मांगून झाली. लहान आहे हे. मले माहीत होतं. यायलेही माहीत होतं." आणि त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

संघटनेची मंडळी खुर्च्यांवरून उठली होती. पत्रकारांपैकी एक जण, तोच पेपर, वेगळा माणूस, खिशातला पेन शोधत होता. बापूसाहेब म्हणाले, "बाई घाबरली आहे, काहीही बोलून राह्यली." पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे माझ्या आईकडे बघत होते. आईनं चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि मला म्हणाली, "चाल." केतकीला उचलून न्यायला माणसं आली. मी तिच्याशी पुन्हा बोलले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिनं काय केलं होतं, असं मला लोक विचारतात. तिनं तो ट्रॅकसूट घातला होता. मला तेवढं पुरतं.

बातमी आली. बापूसाहेबांना संघटना सोडावी लागली, क्लबही सुटला. त्यांची जिनिंग त्यानंतरही चालू राहिली, त्यांचं पैशाअडक्याचं काही वाकडं झालं नाही. पण बाजारातून जाताना ते गाडीच्या काचा वर करून जायला लागले, असं आई सांगायची, आणि सांगताना तिला फार बरं वाटायचं.

पुढची फेरी दोन दिवसांनी होती; दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आम्ही गावी आलो. बाबा ओट्यावर बसले होते. पेपर मांडीवर, न उघडलेला. आई आत गेली, पातोडीचा रस्सा करायला घेतला. मी बाबांच्या शेजारी बसले आणि जरा भीतभीतच सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, कायले एवढं केलं, पोरीचा पाय मोडला असता. बाबा ऐकत राहिले. सांगून झालं तेव्हा त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असं नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. पहिली सर्व्हिस कोनाची होती?"

मी सांगितलं. पहिला सेट, मग दुसरा. आखूड टाकलेला चेंडू, डोक्यावरून मारलेला चेंडू. ते मला मध्येच थांबवायचे. "मांगं पळाली का? किती मांगं? कुंपनापर्यंत?" ते उठले, ओट्यावरच्या झाडूची रॅकेट केली आणि मला दाखवायला लावलं की मी चेंडू अलगद कसा टाकला. आई बेसन लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत न ऐकलेला आवाज मला ऐकू आला, तो बाबांच्या हसण्याचा होता, आतून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जाऊ दे म्हणणारा माझा मऊ बाप. आमच्या तिघांत जास्त भुकेला तोच होता आणि मला कधी कळलंच नव्हतं.

रस्सा थंड होत होता. बाबांनी मला पुन्हा ओट्यावर बसवलं, स्वतः समोर मांडी घालून बसले आणि पुढे वाकले.

"आता ते सांग," ते म्हणाले. "सुधाबाईनं बोट दाखवलं, तवा बापूसाहेबाचं तोंड कसं झालतं? आरामात सांग. काही सोडू नको."